स्नानाचा अभिमान

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव नोकरीच्या निमित्तानें जपानांत गेले, त्यास आतां चार वर्षें झालीं. तेथें पोहोंचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या हातून एक प्रमाद घडला, व तो त्यांनीं सुटींत घरीं आले असतां आम्हांस मोठ्या संकोचानें सांगितला. एका जपानी सहकाऱ्यानें त्यांस आपल्या घरीं मुक्कामास बोलाविलें होतें. सायंकाळीं यजमानांनीं पाहुण्यास सर्वांच्या आधीं स्नानास पाठविलें. न्हाणीघरांत ऊन पाण्यानें भरलेला एक खोल हौद होता. आमच्या ह्या तरुण मित्रानें त्यांत उतरून, अंगास साबण लावून, यथास्थित स्नान केलें. आणि आपलें उष्टें पाणी दुसऱ्या कोणाच्या अंगास लागूं नये ह्या शुद्ध हेतूनें बाहेर येतांना तळाचें बूच काढून सर्व पाणी सोडून दिलें. बाहेर यजमान, त्यांच्या पत्नी, दोन मुलें व वृद्ध आजी अशीं पांच माणसें त्याच पाण्याची वाट पाहात बसलीं होतीं.

जपानी रीत अशी कीं, हौदांत शिरण्यापूर्वीं बाहेर एका ठेंगण्या बैठकीवर बसून सर्वांग साबणानें धुवावयाचें, फेसाचा लेशही राहूं द्यावयाचा नाहीं, आणि मग त्या निर्मळ अंगानें ऊन पाण्यांत केवळ शेकण्यासाठीं बसावयाचें. पाणी मळत नसल्यामुळें तेंच घरांतील सर्वांस क्रमाक्रमानें पुरतें. ऊब टिकावी म्हणून मधल्या वेळांत हौदावर झांकण घालतात, आणि उरलेलें पाणी कित्येक घरीं धुण्यास वापरतात. जुन्या घरांत क्रमही ठरलेला असे. पाहुणा असल्यास तो प्रथम, मागून घरचा कर्ता पुरुष, आणि सर्वांच्या शेवटीं, पाणी निवत आल्यावर, घरची सून. गांवोगांवीं सार्वजनिक न्हाणीघरेंही असत. त्यांस 'सेंतो' म्हणतात. १९६८ च्या सुमारास सबंध देशांत अशीं सुमारें अठरा हजार न्हाणीघरें होतीं. घरोघर स्नानाची सोय झाल्यावर त्यांची संख्या दोन हजारांच्याही खालीं आली आहे.

तात्पर्य, आमच्या मित्राच्या दृष्टीनें त्या घरचीं माणसें एकमेकांच्या पाण्यांत बसणारीं म्हणून अमंगळ होतीं, आणि त्या आजीबाईंच्या दृष्टीनें अंगाचा मळ व साबण घेऊन हौदांत उतरणारा हा सुशिक्षित पाहुणा अमंगळ होता. ही हकीकत आम्हीं पुढें दोनचार घरीं सांगितली. सर्वत्र एकच उद्गार निघाला : "शी! एकाच पाण्यांत सगळे?" ज्या एका घरीं हा उद्गार विशेष जोरानें निघाला, त्या घरचीं तीन माणसें २०१५ सालच्या नाशिकच्या सिंहस्थांत रामकुंडांत बुडी मारून आलीं होतीं. आम्हीं त्यांस त्याची आठवण करून दिली नाहीं. जेवावयास बसलों होतों.

रोज स्नान करील तो स्वच्छ आणि न करील तो गलिच्छ, हा सिद्धान्त आपल्या घरांत मुलांस बाराखडीच्याही आधीं शिकविला जातो. आम्हीही तो असाच शिकलों व पुढें अनेक वर्षें इतरांस शिकविला. परंतु ह्या एका सिद्धान्तांत तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे असें आतां आम्हांस वाटूं लागलें आहे. धर्मदृष्ट्या शुद्ध होणें ही एक गोष्ट, अंगावरील मळ जाणें ही दुसरी, आणि तें पाणी कोठून आलें व कोणीं आणलें ही तिसरी. पहिल्या दोहोंविषयीं आपण पुष्कळ बोलतों. तिसरीविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं.

पहिल्या दोहोंतील भेद आपल्या शास्त्रकारांस पूर्ण ठाऊक होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत स्नानाविषयींचीं वचनें एकत्र केलीं आहेत. त्यांत स्नानाचे नित्य, नैमित्तिक, काम्य असे जे सहा प्रकार आहेत, त्यांत 'मलापकर्षण' म्हणून एक स्वतंत्र प्रकार गणलेला आहे. तेल, उटणें लावून मळ काढण्यासाठीं करावयाचें जें स्नान तें हें. म्हणजे ज्या नित्यस्नानाचा आपण अभिमान बाळगतों, त्याचा मुख्य हेतु मळ काढणें हा नव्हताच. पहाटे थंड पाण्याचे चार तांबे अंगावर घेऊन, ओल्या पंचानिशीं संध्येस बसणारा ब्राह्मण शुद्ध खरा. त्याच्या मानेवरील मळ गेला कीं नाहीं हा प्रश्न वेगळा. आमच्या लहानपणीं तो प्रश्न नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाच्या वेळीं आमची आई आमची मान घांसून सोडवीत असे.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. शास्त्रांत स्नानाचे आणखी सात प्रकार सांगितले आहेत : मांत्र, भौम, आग्नेय, वायव्य, दिव्य, वारुण आणि मानस. पैकीं पाण्यांत बुडी मारून केलेलें तें वारुण. बाकीच्यांस नदी किंवा विहीर लागत नाहीं. मृत्तिका अंगास लावणें हें भौम, भस्म लावणें हें आग्नेय, गाईंच्या खुरांनीं उडालेली धूळ अंगावर घेणें हें वायव्य, ऊन पडलें असतां येणाऱ्या पावसाच्या सरींत उभें राहणें हें दिव्य, मंत्रपूर्वक मार्जन हें मांत्र, आणि विष्णूचें चिंतन हें मानस. रुग्णास, प्रवाशास व जेथें पाणीच नाहीं अशा प्रदेशांतील माणसास शास्त्रकारांनीं ही वाट मोकळी ठेविली होती. आमच्या वर्गांत आम्ही हे प्रकार मुलांकडून पाठ करून घेत असूं, आणि तरीही त्यांतील दयाबुद्धि आमच्या ध्यानांत यावयास फार वर्षें लागलीं.

आफ्रिकेच्या नैर्ऋत्येस नामिबिया नांवाचा देश आहे. त्याच्या वायव्य भागांतील कोरड्या प्रदेशांत हिंबा नांवाचे गोपालक लोक राहतात. तेथील स्त्रिया पाण्यानें स्नान करीत नाहींत. लोणी व तांबडा गेरू ह्यांचें मिश्रण त्या अंगास व केंसांस लावतात. सुगंधी डिंक निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर घेतात, आणि अंगावर घोंगडी ओढून त्या धुरांत घाम येईपर्यंत बसतात. त्यांच्यासाठीं हें रोजचें स्नान आहे व तें त्या नियमानें करतात. आपल्या एखाद्या स्मृतिकारास तेथें नेऊन सोडलें असतें, तर त्यानें ह्यास 'धौम्य' असें नांव देऊन आठवा प्रकार निश्चित केला असता असें आम्हांस वाटतें.

उलटपक्षीं पाणी विपुल असलें म्हणजे स्वच्छता येतेच असें नाहीं. प्राचीन रोमन लोकांएवढा पाण्याचा थाट कोणीं केला नसेल. जुने रोमन लोक हातपाय रोज धूत व सर्वांगस्नान आठवड्याच्या बाजारादिवशींच करीत, असें सेनेका ह्या तत्त्ववेत्त्यानें आपल्या एका पत्रांत नमूद केलें आहे; पुढें साम्राज्य वाढलें तसें स्नान हा रोजचा करमणुकीचा व्यवहार झाला. सम्राट् काराकाल्ला ह्याचें स्नानगृह इ. स. २१६ मध्यें खुलें झालें, त्यांत एका वेळीं सुमारें सोळाशें माणसें मावत. अंगास तेल चोळावयाचें, धातूच्या वांकड्या पट्टीनें तें मळासकट खरडून काढावयाचें, आणि मग ऊन, कोमट व थंड अशा हौदांत क्रमानें उतरावयाचें. परंतु त्या हौदांतील पाणी बदलण्याची आजच्यासारखी तजवीज नव्हती. मार्कस ऑरेलियस ह्या सम्राटानें तेल, घाम व मळ ह्यांनीं भरलेल्या त्या पाण्याविषयीं आपली किळस लिहून ठेविली आहे, आणि सेल्सस हा ग्रंथकार जखम ताजी असतां स्नानगृहांत जाऊं नये असें बजावतो. केंब्रिजच्या पीअर्स मिचेल ह्यांनीं रोमन काळांतील अवशेषांत सांपडलेल्या कृमींच्या अंड्यांचा अभ्यास करून २०१६ सालीं तो प्रसिद्ध केला. इतकीं स्नानगृहें व शौचकूप असूनही पोटांतील जंतांचें प्रमाण पूर्वीपेक्षां घटलेलें त्यांस आढळलें नाहीं. इ. स. ५३७ मध्यें गॉथ लोकांनीं रोमला वेढा देऊन शहरास पाणी आणणारे कालवे तोडले, आणि तीं प्रचंड स्नानगृहें एकाएकीं ओस पडलीं.

युरोपांतील राजेरजवाडे वर्षानुवर्षें आंघोळ करीत नसत, ही गोष्ट आपल्याकडे फार चवीनें सांगण्यांत येते, व तींत फ्रान्सच्या चौदाव्या लुईचें नांव हमखास असतें. त्याच्या व्हर्सायच्या राजवाड्यांत प्रशस्त संगमरवरी टांकें असलेला स्नानाचा स्वतंत्र महाल होता, हें मात्र सांगणारास ठाऊक नसतें. गोष्टींत तथ्यांश इतकाच कीं, प्लेग व उपदंश ह्यांच्या भीतीनें सोळाव्या शतकांत तेथील सार्वजनिक स्नानगृहें बंद पडत गेलीं. ऊन पाण्यानें त्वचेचीं रंध्रें उघडतात व त्यांतून रोग शरीरांत शिरतो, असें तेव्हांचे वैद्य शिकवीत. म्हणून भला माणूस अंगावरचा तागाचा सदरा वरचेवर बदली, आणि मळ सदऱ्यानें टिपून घेतला असें मानी. समजूत चुकीची होती. तथापि ती आळशी माणसांची नव्हे, वैद्यांचा सल्ला ऐकणाऱ्या सावध माणसांची होती.

पुढें इंग्लंडांत कारखाने वाढले, शहरांत मजुरांची दाटी झाली, आणि तेथील वरच्या वर्गानें ह्या गरिबांस एक नांव ठेविलें. त्याचा आपल्या भाषेंत अर्थ 'न धुतलेला जनसमूह' असा होतो. ह्या लोकांस पाणी कोठून मिळावें ह्याचा विचार मात्र नांव ठेवणारांनीं केला नाहीं. तो एका मजुराच्या बायकोनें केला. किटी विल्किन्सन ही मूळची आयर्लंडची बाई लिव्हरपूल शहरांत एका गरीब वस्तींत राहात असे. १८३२ सालीं तेथें पटकीची सांथ आली. त्या गल्लींत पाणी तापविण्याचें मोठें भांडें हिच्याच घरीं होतें. तिनें शेजारपाजारच्या बायकांस आपल्या स्वयंपाकघरांत बोलावून रोग्यांचे कपडे व अंथरुणें धुवावयास ती जागा मोकळी करून दिली, आणि कपडे शुद्ध करण्यासाठीं त्यांस चुन्याची क्लोराइड भुकटी वापरावयास शिकविलें. तिला त्या वेळीं जंतुशास्त्र ठाऊक असणें शक्य नव्हतें. तें शास्त्र अजून जन्मास यावयाचें होतें. तिचें काम पाहून शहरांतील कांहीं सुखवस्तु लोकांनीं पुढाकार घेतला, आणि १८४२ सालीं लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर स्नानगृह व धुणेंघर नगरपालिकेच्या खर्चानें उघडलें. १८४६ सालीं पार्लमेंटनें कायदा करून, जनतेच्या करांतून अशीं गृहें बांधण्याची मुभा सर्व शहरांस दिली. विल्किन्सनबाई व त्यांचे पती ह्यांची लिव्हरपुलांत अशा गृहाच्या देखरेखीवर नेमणूक झाली. स्वस्तांत ऊन पाणी मिळूं लागतांच हा 'न धुतलेला' समूह दारांत रांग लावून उभा राहिला.

येथें सहज आठवलें म्हणून सांगतों. इंग्रजांस डोकें चोळून घेण्याची गोडी लावणारा गृहस्थ पाटण्याचा होता. शेख दीन महंमद हें त्याचें नांव. त्यानें ब्रायटन येथें वाफेचें स्नानगृह काढलें, व चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम ह्या दोघां राजांच्या चाकरींत त्यास ह्या कामासाठीं मानाचें पद मिळालें. आज घरोघर बाटलींत मिळणारा शांपू हा शब्द आपल्या 'चंपी'चाच भाऊबंद आहे.

पण आरोग्याच्या दृष्टीनें खरी क्रान्ति सर्वांगस्नानानें झाली नाहीं. ती हात धुण्यानें झाली. व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकांत सुइणी काम करीत, दुसऱ्यांत डॉक्टर व त्यांचे विद्यार्थी. डॉक्टरांच्या विभागांत बाळंतरोगानें मरणाऱ्या स्त्रिया कितीतरी अधिक होत्या. इग्नाझ सेमेल्व्हाइस ह्या तरुण डॉक्टरानें शोध घेतला, तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं हे विद्वान् लोक शवविच्छेदन आटोपून तसेच बाळंतिणीस तपासावयास येतात. १८४७ च्या मे महिन्यांत त्यानें क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल महिन्यांत त्या विभागांत शेंकडा सुमारें अठरा स्त्रिया दगावल्या होत्या; जूनमध्यें हें प्रमाण शेंकडा दोनांच्या आसपास आलें. तरी त्याच्या बरोबरीच्या बहुतेकांस हें पटलें नाहीं. सभ्य गृहस्थाचे हात घाणेरडे असूं शकतात, ही कल्पनाच त्यांस अपमानकारक वाटली. १८६५ सालीं सेमेल्व्हाइस एका वेड्यांच्या रुग्णालयांत मरण पावला. त्याचें वय तेव्हां सत्तेचाळीस होतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. आमच्या आजीच्या वेळीं घरांत अकरा माणसें होतीं, आणि अकराही जण नित्य स्नान करीत. पहाटे चार वाजतां उठून आडावरून पाणी शेंदणारी, बंब पेटविणारी, व पुरुषांसाठीं घंगाळें भरून ठेवणारी आमची एक विधवा आत्या होती. घराच्या शुचिर्भूतपणाची कीर्ति गांवभर होती, व ती आजोबांच्या नांवावर जमा होत असे. आत्या स्वतः थंड पाण्यानें स्नान करी. तिला ऊन पाणी नको होतें कीं तें उरत नसे, हें विचारण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं.

घराबाहेर तर ह्याहून कठीण प्रकार होता. ज्यांस आपण अस्वच्छ म्हणून दूर ठेविलें, त्यांस पाण्यापासूनही आपणच दूर ठेविलें होतें. सरकारी खर्चानें चालणारे पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं मंजूर केला, व महाडच्या नगरपालिकेनें त्यास अनुसरून चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचें जाहीर केलें. पण तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहस्रावधि अनुयायांसह तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. त्या दिवशीं परतणाऱ्या लोकांस मारहाण झाली. आणि मागाहून स्पृश्य मंडळींनीं तळें 'शुद्ध' करून घेतलें. १०८ घागरी पाणी उपसून, त्यांत शेण, गोमूत्र, दूध व दहीं मिसळून, मंत्रघोषांत तें पुन्हां तळ्यांत ओतण्यांत आलें. गुरेंढोरें त्या तळ्यावर पूर्वींपासून पाणी पीत होतीं, त्यांस कोणाचा अटकाव नव्हता.

संस्कृत शिकलेल्या मनुष्यानें ह्या प्रसंगाकडे नीट पाहावें अशी आमची विनंती आहे. पिण्याच्या पाण्यांत शेण कालविलें, आणि त्या क्रियेस शुद्धि म्हटलें! मलापकर्षण व शुद्धि हे शब्द निराळे आहेत हें ज्यांस पाठ येत होतें, अशाच लोकांच्या मुखांतून ते मंत्र निघाले. त्याच वर्षीं २५ डिसेंबरला महाडासच मनुस्मृति जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. तळ्यावरील हक्काचा वाद दहा वर्षें न्यायालयांत चालला, व १९३७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तो अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूनें निकालांत काढला.

हें सर्व वाचून माहीत असतांही माणूस काय करतो, ह्याचें उदाहरण देण्यास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. एका अवर्षणग्रस्त तालुक्यांतील शाळेंत आम्ही शिक्षक होतों. दर सोमवारीं मुलांचे केंस, नखें व माना तपासण्याचें काम आमच्याकडे होतें. आठवीच्या वर्गांतील एक मुलगा दर सोमवारीं मळक्या मानेनें येई. आम्हीं त्यास कितीदां तरी वर्गाबाहेर उभें केलें, आणि एकदां सर्वांदेखत शौचाचें महत्त्व सांगणारें एक सुभाषितही ऐकविलें. तो कांहीं बोलत नसे. फेब्रुवारी १९९१ मध्यें जनगणनेच्या कामासाठीं आम्हांस त्याच्या वस्तीवर जावें लागलें. विहीर दोन मैलांवर होती. तो व त्याची आई पहाटे तेथून पाणी आणीत. सात माणसांस दिवसाला तीन हंडे. तीन हंडे म्हणजे फार तर पंचेचाळीस लिटर. आम्ही त्या काळीं एकटे दोन बादल्यांनीं स्नान करीत असूं, तें चाळीस लिटर होतें. आम्ही दारांत जातांच त्या माउलीनें, गुरुजी आले म्हणून, पाय धुवावयास तांब्या भरून पुढें ठेविला. आम्हीं पायांस नुसता ओला हात लावून तांब्या परत केला. तिला तें बरें वाटलें नाहीं, हें तिच्या चेहऱ्यावर दिसलें.

परत आल्यावर आम्हीं मुख्याध्यापकांच्या संमतीनें सोमवारची तपासणी बंद केली. शाळेच्या ओसरीवर एक पिंप ठेवविलें; शिपाई तें रोज गांवच्या नळावरून भरी. मधल्या सुटींत डबा उघडण्यापूर्वीं सर्व मुलांनीं साबणानें हात धुवावेत, एवढाच नियम ठेविला. त्या मुलाची क्षमा आम्हीं मागितली नाहीं. गुरुजींनीं विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची तेव्हां रीत नव्हती, आणि रीत मोडण्याचें धैर्य आमच्या अंगीं नव्हतें. पिंपाशेजारीं तांब्या घेऊन उभें राहण्याचें काम त्यानें आपण होऊन पत्करलें. दहावी होईपर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, शाळेंतील सगळीं मुलें त्याच्या हातच्या पाण्यानें हात धुवून जेवावयास बसत.